पान्हा आणि विसावा : कर्जत-खालापूरची जुनी रीत

ज्या काळी खालापूर हा कर्जत तालुक्याचा पेटा, म्हणजे पोटविभाग, होता आणि कर्जतचे दप्तर १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्याच्या कलेक्टराकडे जात असे, त्या काळी या मुलखातील जमीन मुख्यत्वे दोन जातींची असे : उल्हास आणि पाताळगंगा यांच्या खोऱ्यांतील भातखाचरे, आणि नाचणी-वरी पिकविणारे डोंगरउतारावरील वरकस. बाळंतिणीच्या ताटाची वाटणीही जवळजवळ याच रेषेने झालेली होती.

खाचराच्या धन्याकडे माहेरपणाला आलेली लेक सव्वा महिना बाजेवर असे. तिला अळिवाची खीर, डिंकाचे आणि मेथीचे लाडू, खारीक-खोबरे, लसणीची फोडणी दिलेला मऊ भात आणि जेवणानंतर बाळंतशोपा मिळे, आणि हे सारे दूध उतरावे म्हणून आहे, हे घरातील प्रत्येक वडीलधारी स्त्री निःशंकपणे सांगे. वरकसाच्या कडेच्या ठाकूरवाडीत किंवा कातकरवाडीत मात्र नाचणीची भाकरी, रानातील पालेभाजी आणि किनाऱ्याकडून चढून आलेली सुकी मासळी, एवढ्यावरच पान्ह्याची भिस्त.

या दोन्ही ताटांना शास्त्राचा आधार सापडतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. चरकाने स्तन्यजनन, म्हणजे दूध उत्पन्न करणारी, म्हणून जी दहा द्रव्ये सांगितली, त्यांत वाळा, दर्भ, कुश, काश अशा तृणांच्या जोडीला शाली आणि षष्टिक या भातांची मुळे आहेत. म्हणजे ज्या कर्जतला १९१९ साली भातसंशोधनाचे केंद्र उभे राहिले, तेथील खाचरांतले पीकच त्या यादीत बसते. सुश्रुताने शतावरी व विदारीकंदाबरोबर लसूण, तिळाची पेंड, दुध्या भोपळा, मांसरस आणि मासेही सांगितले, तेव्हा कातकरणीची सुकी मासळी श्रीमंताच्या लाडवाहून शास्त्राला परकी नव्हती. परंतु त्याच सुश्रुताने दूध आटण्याची कारणे सांगताना क्रोध, शोक आणि अवात्सल्य यांना अग्रस्थान दिले, आणि बाळाच्या स्पर्शाने, दर्शनाने, नुसत्या स्मरणानेही पान्हा फुटतो असे लिहून ठेवले. त्या वाक्यांकडे आपल्या पाकशास्त्राचे दुर्लक्ष झाले.

आधुनिक वैद्यकाने मेथी आणि शतावरी यांच्या चाचण्या घेतल्या. त्या बहुधा लहान आहेत, त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, आणि त्यांवरून खात्रीचे विधान करता येत नाही. खात्रीचे आहे ते हे की, मूल जितक्या वेळा अंगावर पिते आणि जितके दूध रिते होते, तितके नवे दूध तयार होते. पहिल्या सहा महिन्यांत मातेला रोज सुमारे ६०० उष्मांक अधिक लागतात, ते डिंकाच्या लाडवाने भागतात; नाचणीतून चुना आणि अळिवातून लोह मिळते. अर्धपोटी मातेचे दूधही सहसा आटत नाही, ते तिच्या स्वतःच्या साठ्यातून, हाडांतील चुन्यासकट, वसूल केले जाते. म्हणून तिचे अन्न हे प्रथम तिच्यासाठीच आहे, असे मी आग्रहाने म्हणेन.

या दृष्टीने पाहता खाचराच्या धन्याघरी खरे औषध लाडू नव्हते, तो सव्वा महिना होता. मूल कुशीत असे, मागेल तेव्हा पिई. उलट सावकाराची खावटी, म्हणजे पोटापुरते कर्ज, डोक्यावर घेतलेल्या कुळाच्या बायकोला आषाढात लावणीला उभे राहणे भाग होते, आणि मूल बांधावर किंवा झोपडीत थोरल्या बहिणीच्या स्वाधीन असे. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर खैराच्या काताचा पिढीजात धंदा आवळत गेलेल्या कातकऱ्यांना कोळशाच्या भट्ट्या जवळ कराव्या लागल्या, आणि पुढे दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन वीटभट्ट्या. तेथे पाजायला उठणे म्हणजे विटांची मोजणी कमी भरणे.

बाळंतिणीला पगारी विसावा देणारा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ साली झाला. त्याच्या बाजूने १९२८ मध्ये विधिमंडळात डॉ. आंबेडकर बोलले होते. तो गिरण्या-कारखान्यांतील स्त्रियांपुरता होता. शेतमजूर आणि भट्टीवरील स्त्रीला बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई म्हणून रोख रक्कम देणारी प्रधानमंत्री मातृवंदना योजना २०१७ साली आली, आणि पहिल्या अपत्यासाठी ती रक्कम ५,००० रुपये, हप्त्यांनी, अशी ठरली.