डोंगरी सापसुरळ्या (पश्चिम घाट)

पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील सदाहरित जंगलांत आणि शोलांत, म्हणजे उंच डोंगरांवरच्या झाडीत, पालापाचोळ्याखाली राहणाऱ्या लहान सरड्यांचा गट. यात रिस्टेला आणि केस्टलिया या दोन प्रजाती येतात. दोन्ही सिन्सिडी म्हणजे सापसुरळी कुळातल्या, आणि जगात फक्त पश्चिम घाटातच आढळणाऱ्या.

आपल्याकडे शेताच्या बांधावर, अंगणातल्या दगडांखाली सळसळत जाणारी सापसुरळी सर्वांच्या ओळखीची आहे. तिला सापाची मावशी म्हणतात आणि विषारी समजून मारतातही. खरे तर कोणतीच सापसुरळी विषारी नसते. चकचकीत, एकमेकांवर बसलेले खवले, त्या खवल्यांखाली हाडांच्या बारीक पातळ चकत्या आणि शत्रूच्या तावडीत तुटून सुटणारी शेपटी ही सापसुरळ्यांची सर्वसाधारण लक्षणे. डोंगरी गटातही ती आहेत. पण हा गट ओळखायचा तर आधी पायाकडे पाहावे लागते.

रिस्टेलाच्या पुढच्या पायाला चार बोटे असतात, मागच्या पायाला पाच. याहून विलक्षण तिची नखे. प्रत्येक नखाभोवती मोठ्या खवल्याचे म्यान असते आणि नख त्यात आत ओढले जाते, मांजराचे ओढले जावे तसे. म्हणून इंग्रजीत तिला मांजर-सापसुरळी असेच नाव पडले. शेपटी सोडली तर माणसाच्या बोटाएवढ्या या प्राण्याचे इतके बारीक अवयव भिंगाखाली पाहिल्याशिवाय नीट समजत नाहीत. जॉन एडवर्ड ग्रे यांनी 1839 मध्ये ही प्रजाती स्थापन केली. तिच्यात चार जाती मानतात: रुर्की, त्रावणकोरिका, बेडोमी आणि गुंथेरी. त्या वेगळ्या करताना पाठीवरच्या खवल्यांचे कंगोरे आणि शरीराच्या मध्यभागी भरणाऱ्या खवल्यांच्या ओळी मोजतात. बेडोमी उत्तरेकडे कर्नाटकातही मिळते. महाराष्ट्रात मात्र रिस्टेला नाही.

तिचे सर्वांत जवळचे नातलग समुद्रापलीकडे आहेत. श्रीलंकेतील लंकासिंकस आणि रिस्टेला मिळून एक वेगळी शाखा होते. काही अभ्यासक तिला स्वतंत्र कुळ मानतात, तर इतर उपकुळ.

केस्टलियाची कहाणी नावांच्या गोंधळाची आहे. तिच्या चारही पायांना पाच-पाच बोटे, अंगावर गुळगुळीत खवले, आणि खालच्या पापणीत एक पारदर्शक खिडकी. त्यामुळे पापणी मिटली तरी उजेड आत येतो. अशी खिडकी इतर अनेक सापसुरळ्यांनाही असते, आणि गोंधळ तिथूनच सुरू झाला. या जाती आधी लायगोसोमात, मग लिओलोपिस्मात, पुढे सिन्सेलात फिरत राहिल्या. अखेर 2004 मध्ये एरेमचेन्को आणि इंद्रनील दास यांनी त्यांना स्वतंत्र प्रजातीचा दर्जा दिला आणि जर्मन सरीसृपतज्ज्ञ वेर्नर केस्टले यांच्या सन्मानार्थ हे नाव ठेवले. बायलिनिएटा, बेडोमी, लॅटेरिमॅक्युलाटा, त्रावणकोरिका आणि पालनिका या तिच्या पाच जाती. शेवटचे नाव पळणी डोंगरावरून आले. बायलिनिएटा ही निलगिरीची. 'बेडोमी' हे नाव दोन्ही प्रजातींत येते, कारण मद्रास वनखात्यातले रिचर्ड हेन्री बेडोम यांनी एकोणिसाव्या शतकात या डोंगरांतले असंख्य सरीसृप गोळा केले होते. नोंद वाचताना म्हणूनच प्रजातीचे नाव आधी पाहावे.

निलगिरी आणि अनमलाई या डोंगरांमध्ये पालघाटची खिंड आहे. उंचावरची ओल आणि गारवा ज्यांना हवा, त्या प्राण्यांना ही तापलेली सखल पट्टी ओलांडणे जड जाते. त्यामुळे डोंगराडोंगरात वेगळ्या जाती घडण्यास वाव मिळाला असावा.

शोलातला ओला पाला हेच या प्राण्यांचे घर आणि कीटकांची शिकारभूमी. निलगिरी आणि पळणीत चहाचे मळे, बाहेरून आणलेली निलगिरीची झाडे आणि काळी वॅटल यांनी शोला व गवताळ माळ यांची मोठी जागा घेतली आहे. जंगलात दगड किंवा कुजलेला ओंडका उलटून पाहिलात, तर तो जसा होता तसाच परत ठेवा.