सोवळे, स्वच्छ आणि तिसरा वर्ग

बंगळूरच्या उत्तरेचे हेब्बाळ आज मुख्यतः उड्डाणपूल आणि बसथांबे यांसाठी ओळखले जाते. सोळाव्या शतकातला तलाव तेथे अजून आहे, १९४६ मध्ये निघालेल्या कृषी महाविद्यालयाचे आवारही आहे; परंतु २००८ मध्ये देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाल्यापासून हे गाव प्रामुख्याने वाटेवरचे झाले. एकाच रस्त्यावर वातानुकूलित बसची वाट पाहणारा विमानप्रवासी आणि पायांवर सिमेंटचा राप घेऊन साध्या बसची वाट पाहणारा बांधकाम-मजूर शेजारी शेजारी उभे असतात. बस आली की ते वेगळे होतात. ही फारकत भाड्याने होते, म्हणून तिच्याविषयी कोणी काही बोलत नाही.

भाडे सारखे असते तेव्हा काय घडते, हे याच शहराने फेब्रुवारी २०२४ मध्ये पाहिले. राजाजीनगरच्या मेट्रो स्थानकावर डोक्यावर गाठोडे घेतलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याला तिकीट असूनही सुरक्षारक्षकांनी आत सोडले नाही. कपडे मळके आहेत, इतरांना त्रास होईल, असा समज त्यामागे होता. काही सहप्रवाशांनी जाब विचारला, चित्रफीत सर्वत्र पसरली आणि मेट्रो निगमाने संबंधित सुरक्षा-पर्यवेक्षकाला कामावरून दूर केले. घटना लहान होती. तिची मुळे मात्र रेल्वेच्या इतिहासात खोलवर गेलेली आहेत.

मराठीत याविषयी दोन स्वतंत्र शब्दकुळे आहेत. सोवळे-ओवळे हे एक आणि स्वच्छ-अस्वच्छ हे दुसरे. रेशमी मुकटा रोज धुतला नाही तरी सोवळाच राहतो. नुकतेच धुतलेले सुती धोतर परक्या स्पर्शाने ओवळे होते. पहिल्या कुळाचा मळाशी संबंध असलाच तर तो योगायोगाचा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे गाडी निघाली आणि पुढे ही दोन्ही कुळे एका बाकावर येऊन बसली. डब्यात सोवळे पाळणे अशक्य झाले. तेव्हा जुन्या किळसेने नव्या, आरोग्यशास्त्राच्या शब्दांचा आश्रय घेतला. ‘विटाळ होतो’ असे म्हणणे अवघड झाले, ‘घाण वाटते’ असे म्हणणे सोपे राहिले.

ही किळस मळावर अवलंबून नव्हती, याचा सर्वांत बोलका पुरावा डॉ. आंबेडकरांच्या आठवणींत सापडतो. १९०१ मध्ये भीमराव आणि त्यांच्याबरोबरची मुले वडिलांना भेटण्यासाठी साताऱ्याहून आगगाडीने मसूरला उतरली. प्रवासासाठी नवे सदरे शिवले होते, डोक्यांवर झगमगीत टोप्या होत्या, धोतरांना रेशमी काठ होते. पोशाखावरून स्टेशनमास्तराने त्यांना ब्राह्मणांची मुले समजून आस्थेने विचारपूस केली. आणि मुले महार आहेत असे कळताच त्याचा चेहरा पालटला, तो दूर झाला. गाडीवान न्यायला तयार होईनात. अखेर एकजण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, पण अट अशी की बैल मुलांनी हाकावेत आणि त्याने पायी चालावे. त्या स्थानकावर त्या दिवशी या मुलांहून नीटनेटका प्रवासी क्वचितच असेल.

दुसरी बाजूही नाकारता येत नाही. कोंदट डब्यात शेजारच्याच्या अंगाचा दर्प, पानाची पिंक, पायांखालचा कचरा ही खरी यातना आहे आणि तिच्याबद्दल बोलणारा प्रत्येकजण उच्चवर्णाचा अहंकारच बोलतो, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गांधींनी हे दोन्ही प्रश्न एकत्र धरले. १९०२ मध्ये कलकत्त्याहून तिसऱ्या वर्गाने निघण्याचा बेत त्यांनी सांगितला तेव्हा गोपाळ कृष्ण गोखल्यांनी आधी चेष्टा केली. मग हेतू पटल्यावर ते स्वतः निरोप द्यायला स्थानकावर आले. त्या प्रवासाविषयी लिहिताना गांधींनी रेल्वेच्या बेपर्वाईबरोबर प्रवाशांच्या थुंकण्याचा, आरडाओरडीचा आणि कचरा फेकण्याचाही हिशेब मांडला आहे.

पंधरा वर्षांनी, २५ सप्टेंबर १९१७ रोजी रांचीहून वृत्तपत्रांना लिहिलेल्या पत्रात तपशील अधिक नेमका आहे. मुंबई ते मद्रास, तेरा रुपये नऊ आणे भाडे, बावीस प्रवाशांचा डबा, दोन रात्री आणि आडवे होण्याची सोय नाही. पुण्यापर्यंत गर्दी आवरली ती दांडग्या प्रवाशांनी इतरांना अडवले म्हणून. रायचूरनंतर ती असह्य झाली. सबंध प्रवासात डबा एकदाही झाडला गेला नाही. शौचकूप साफ झाला नाही आणि टाकीत पाणी नव्हते. या शेवटच्या वाक्यापाशी वाचकाने थांबावे. ज्या डब्यात पाणीच नाही, त्यातून उतरणाऱ्या माणसाला अस्वच्छ म्हणताना आपण नेमके कोणाचे वर्णन करीत असतो?

‘तिसरा वर्ग’ हे नाव १९७४ मध्ये गेले. लाकडी बाके तशीच राहिली. त्यांवर फोमची दोन इंची गादी आली ती मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना, १९७७ नंतर. गादीची ही मात्रा क्षुल्लक वाटेल. परंतु सामान्य प्रवाशाच्या अंगाला काय लागते, याचा विचार मंत्रालयात झाल्याची ती खूण होती.

श्रमाचा वास हा आणखी निराळा विषय. मुंबईच्या लोकलमध्ये पाट्या घेऊन जाणाऱ्या कोळणी मालडब्यातून प्रवास करतात. व्यवस्था सोयीची आहे, पाट्यांना जागा लागते. तरी ज्या घरात संध्याकाळी त्याच मासळीचे कालवण आवडीने ओरपले जाते, तेथला माणूस सकाळी चुकून त्या डब्यात शिरला तर नाकाला रुमाल लावतो. वास मासळीचा तोच असतो.

गांधींना रायचूरपाशी असह्य झालेल्या त्याच लोहमार्गाने मुंबईची उद्यान एक्सप्रेस पुणे, सोलापूर, वाडी, रायचूर, गुंटकल असे करीत बंगळूरला येते. रायचूर, यादगीर, कलबुर्गी या भागांतले मजूर कुटुंबांसह बांधकामांवर जातात ते अशाच गाड्यांच्या अनारक्षित डब्यांतून, कित्येकदा दाराशी बसून. रात्रभराचा धुरळा अंगावर घेऊन ते शहरात उतरतात आणि डोक्यावर गाठोडे ठेवून हेब्बाळकडे जाणारी बस शोधू लागतात.