हुर्राक : एका उन्हाळी पेयाचा इतिहास आणि आपली सीमा

उन्हाळ्यात परवडणारी वाईन कोणती आणि तिच्याबरोबर खावे काय, हा प्रश्न आता आपल्या घरांतूनही विचारला जाऊ लागला आहे. नाशिकची द्राक्षे बाटलीत उतरल्यापासून मराठी माणूस या विषयावर अधिकारवाणीने बोलू लागला. शाळेत हयात घालवलेल्या मुख्याध्यापकाने या चर्चेत पडावे का, असे काही वाचकांना वाटेल. पिण्याची शिफारस मला करायची नाही. मात्र या प्रश्नाचे एक जुने, खास आपल्या मुलखातले उत्तर चोर्ला घाटाच्या पायथ्याशी दर चैत्रात रटरटत असते. त्याचे नाव हुर्राक. त्याचा इतिहास सीमाभागातल्या माणसाने तरी जाणून घ्यावा, असे मला वाटते.

शास्त्राने पाहिले तर हुर्राक ही वाईन नव्हे. वाईन म्हणजे नुसता आंबवलेला रस. हुर्राक हा काजूच्या बोंडांचा आंबवलेला रस एकदा भट्टीवर चढवून काढलेला अर्क. तरीही गरिबाच्या उन्हाळ्यात त्याचे स्थान तेच, जे युरोपातल्या शेतकऱ्याच्या जेवणात हलक्या वाईनचे. आणि गंमत अशी की, या पेयाच्या पूर्वजाला युरोपीय प्रवाशांनी हिंदुस्थानची वाईन असेच म्हटले होते.

ही कथा सुरू होते ब्राझीलमध्ये. काजूचे झाड मूळचे तिथले. तिथल्या तुपी लोकांच्या भाषेतला ‘अकाजू’ पोर्तुगीजांच्या तोंडी ‘काजू’ झाला आणि तोच शब्द आपण उचलला. तुपी लोक बोंडांचा रस पिळून आंबवून पीत. म्हणजे काजूची खरीखुरी वाईन त्यांनीच केली. भट्टी त्यांच्याकडे नव्हती. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हे झाड आपल्या किनाऱ्यावर आणले. गार्सिया द ओर्ता या वैद्याने आपला वनस्पतींवरचा प्रसिद्ध ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला. त्यात काजूचा उल्लेख नाही. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १५७८ साली, क्रिस्तोव्हाँव द कॉस्ता कोचीनच्या बागेतल्या काजूचे वर्णन करतो. यावरून झाड नेमके केव्हा रुळू लागले, याचा अदमास येतो.

मात्र ओर्ताच्या त्याच ग्रंथात आपल्या कामाची दुसरी गोष्ट आहे. माडाची सूर काढून ती भट्टीवर चढवली की जी कडक धार येते तिला ‘फुल’ म्हणतात आणि मागाहूनच्या हलक्या धारेला ‘ओराक’, असे तो नोंदवतो. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्स्खोटेन हीच नावे देतो आणि हिंदुस्थानची वाईन ती हीच, असे सांगतो. म्हणजे हुर्राक हे नाव काजूच्या मद्याहून जुने आहे. ते आधी माडाचे होते. काजू डोंगरभर पसरल्यावर माडाच्या भट्टीने त्याला आपल्यात घेतले आणि हलक्या धारेचे नाव हलक्या धारेलाच राहिले.

शब्दाचे मूळ आणखी दूर जाते. अरबीत ‘अरक’ म्हणजे घाम. भट्टीच्या नळीतून थेंब थेंब घामासारखे गळते ते अरक. आपला औषधी ‘अर्क’, कर्नाटकातली ‘अरॅक’ आणि गोव्याचा हुर्राक ही एकाच घामाची तीन नावे. ब्राझीलचे फळ, अरबी शब्द, कोकणच्या माडावर शिकलेली कला आणि कुंभाराचे मडके अशा चार गोष्टी एकत्र आल्या, तेव्हा हे पेय जन्मले. शुद्ध देशी असे यात फक्त श्रम आहेत.

ते श्रम थोडक्यात सांगतो. बोंड झाडावरून तोडत नाहीत. पिकून आपोआप पडलेलेच वेचतात. बी पिळून वेगळी करतात. मग बोंडे जांभ्या दगडात कोरलेल्या कुंडीत पायांनी तुडवतात. उरलेल्या चोथ्याचा ढीग वेलीने आवळून त्यावर जड धोंडा ठेवला की रात्रभर जो स्वच्छ रस पाझरतो, तो निरो. हा ताजा निरो लहान मुलेही पितात. तुडवून निघालेला रस दोन-तीन दिवस आंबला की ‘भाण’ नावाच्या भांड्यात चढवतात. वाफ नळीतून गार पाण्यातल्या दुसऱ्या भांड्यात उतरते. ही पहिली धार म्हणजे हुर्राक. त्यात पुन्हा आंबलेला रस घालून भट्टी लावली की फेणी होते. ओतताना फेस धरते म्हणून फेणी, अशी तिच्या नावाची उपपत्ती सांगतात. फेणीत मद्यार्क सुमारे ४२ टक्के असतो. हुर्राक त्याहून पुष्कळच हलका.

हुर्राक स्वस्त का, याचे उत्तर याच कृतीत आहे. सरपण एकदाच जळते. शिवाय तो टिकत नाही. पावसाळ्यापर्यंत त्याची चव उतरते. साठवता येत नाही म्हणून त्यात भांडवल अडकत नाही, व्यापाऱ्याला दडवून भाव चढवता येत नाही. भाटकारांच्या बंगल्यांत पोर्तुगालहून आलेल्या वाईनची बाटली फुटे, तेव्हा बोंडे तुडवणाऱ्या मजुराच्या नारळाच्या करवंटीत हुर्राक असे.

आता सोबतीला काय? इथे ऋतूनेच पंगत मांडली आहे. फाल्गुन ते वैशाख हाच पावसाळ्याच्या बेगमीचा काळ. गोव्यात तिला पुरुमेंत म्हणतात. हा शब्दही पोर्तुगीजच. याच उन्हात बांगडा आणि सुंगटे खारवून वाळत पडतात, कोवळ्या कैऱ्या मिठात चेपून तोर होतात, सोले सुकतात. म्हणून हुर्राकाबरोबर निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा, सुक्या सुंगटांची खोबरे घातलेली किसमूर, मिठातले तोर, ओल्या काजूगरांची उसळ. ख्रिस्ती घरात चोरीस आणि पाव. यामागे तर्कही आहे. बोंडाचा तुरटपणा घसा धरतो. खारट, आंबट आणि किंचित तेलकट पदार्थ तो सैल करतात. घामाने गेलेले मीठही परत मिळते. आज हुर्राकात लिंबाच्या चवीचे बाटलीबंद पेय, चिमूटभर मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालण्याची जी रीत परंपरेच्या नावाने सांगतात, ती मात्र अलीकडची. तसली बाटली सत्तरच्या दशकात आली. परंपरा किती लवकर जुनी होते, याचा हा नमुना.

इथवर चवीचा इतिहास झाला. खरा प्रश्न पुढे आहे. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा झाला. त्याच वर्षाच्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने तशीच अबकारी गोव्यातही नेली. तो तह १८९२ पर्यंत चालला. घरची भट्टी ही सरकारी महसुलाची बाब झाली. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. बेळगाव आणि खानापूर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. त्यामुळे घाटावर बोंडाचा रस चढवणे हा गुन्हा आणि घाटाखाली पोर्तुगीजांच्या सत्तरीत तोच परवान्याचा धंदा. डोक्यावरून घाट चढणारे कॅन हे त्या काळाचे सर्वांना ठाऊक असलेले चित्र आहे.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, तरी ही रेषा पुसली नाही. २००९ साली काजूफेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०१६ साली गोवा सरकारने तिला वारशाचा दर्जा दिला. त्याआधी, २००७ साली, कर्नाटकाने अरॅक पूर्णपणे बंद केली. २०२२ साली महाराष्ट्राने काजूबोंड आणि मोहफुलांच्या मद्याला ‘देशी’च्या पंगतीतून उठवून ‘विदेशी’च्या पंगतीत बसवण्याचा निर्णय घेतला. ब्राझीलहून आलेल्या फळाला साडेचारशे वर्षांनी कागदोपत्री परदेशीपण परत मिळाले, असे म्हणायला हरकत नाही!

फळ एक, मडके एक, वेचणारे हातही एकाच सोयऱ्याधायऱ्यांचे. राज्याच्या हद्दीप्रमाणे ते वारसा ठरते, विदेशी ठरते किंवा गुन्हा ठरते. आपल्या सीमाभागाने भाषेच्या बाबतीत जे सोसले, त्याचेच हे स्वयंपाकघरातले रूप आहे.

मी दारूचा कैवारी नाही. दारूने बसलेली घरे मी पालकसभांतून पाहिली आहेत. फी थकलेल्या मुलाच्या पाठीमागे अनेकदा बापाची बाटली असते. अरॅक बंद झाली तेव्हा कितीतरी बायकांनी सुटकेचा श्वास टाकला, हे मला माहीत आहे. त्यांच्यापुढे वारशाचे कौतुक सांगण्याची माझी छाती नाही. परंतु आमच्या खानापूर-चंदगडच्या रानांत बी काढून घेतल्यावर बोंडांचे ढीग झाडाखाली कुजताना दिसतात. सुट्टीत मुले बिया वेचून वह्या-पुस्तकांचे पैसे जमवतात आणि रसाळ फळ गुरांपुढे टाकतात. निरोला कोणताही कायदा आडवा येत नाही. सरबत, मुरंबा, शिर्का यांनाही नाही. तरी ते ज्ञान आपल्या बाजूला रुजले नाही, कारण ज्या हातांना रसाची पारख होती, त्यांना आपण आधी गुन्हेगार ठरवले आणि मग विसरलो.

भट्टी हवी की नको, याचा निवाडा समाजाने करावा. पण आंबण्याची वेळ नुसत्या वासावरून सांगणारे, फेसावरून धारेची ताकद ओळखणारे म्हातारे दोन्ही बाजूंच्या गावांत अजून आहेत. त्यांना आपण काय विचारणार आणि कधी? येत्या चैत्रात बोंडे पुन्हा पडतील. निदान आपल्या मुलांना वही-पेन्सिल घेऊन एकदा त्यांच्या ओसरीवर पाठवू या. भांड्यांची नावे, वेलीचे नाव, निरो राखण्याची युक्ती, सारे लिहून आणू दे. ते लिहायला अबकारी परवाना लागत नाही.