नाकाचा पडदा आणि क्रोमची धूळ

आपल्या भाषेत नाकाला मोठा मान आहे. घराण्याची अब्रू गेली म्हणजे नाक कापले गेले, असे आपण म्हणतो. आज ज्या नाकांची हकीकत मी सांगणार आहे ती कुणी कापली नव्हती. ती आतून झिजली होती, आणि ती झिजल्याचे पुष्कळदा त्यांच्या धन्यांनाही ठाऊक नव्हते. ही हकीकत मुख्यतः स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या परिसरातली आहे.

१७९७ साली पॅरिसचे रसायनशास्त्रज्ञ व्होक्लँ यांना सैबेरियातील एका तांबड्या खनिजात नवीन धातू सापडला. त्याचे क्षार नानाविध रंगांचे दिसले, म्हणून 'रंग' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला क्रोमियम हे नाव मिळाले. लवकरच या धातूपासून होणाऱ्या बायक्रोमेट क्षाराला रंगाऱ्यांकडून मोठी मागणी येऊ लागली. ग्लासगोजवळच्या लेव्हन नदीच्या खोऱ्यात पक्क्या तांबड्या रंगाची सुती कापडे निघत आणि त्यांतील बराचसा माल मुंबईच्या मार्गाने हिंदुस्थानात येई. त्या तांबड्या भूमीवर पिवळी फुले किंवा मोर उठवायचे झाले, तर तो पिवळा रंग क्रोमचाच असे. आपल्याकडील बाजारात त्या कापडाची घडी उलगडून रंगाची वाहवा करणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या रंगामागील भट्ट्यांची कल्पना कोठून असणार?

त्या भट्ट्या ग्लासगोला लागूनच असलेल्या रदरग्लेन गावी, जे. अँड जे. व्हाइट यांच्या कारखान्यात होत्या. क्रोमचे खनिज दळून ते सोडा व चुना यांच्याबरोबर भाजायचे, भाजलेला माल पाण्यात मुरवून पिवळा अर्क काढायचा, आणि त्यात गंधकाम्ल घालून नारिंगी स्फटिक पाडायचे, अशी ही कृती. प्रत्येक पायरीला धूळ तरी उडे, नाहीतर वाफ तरी उठे. या धुळीतील क्षार दाहक असल्यामुळे ओलसर त्वचेवर बसला की तो तिला जाळतो. ग्लासगोचे वैद्य विल्यम क्यूमिन यांनी १८२७ सालीच बायक्रोमेट हाताळणाऱ्या रंगाऱ्यांच्या हातांवरील खोल व्रणांचे वर्णन केले होते. पुढे कामगारांनी या व्रणांना 'क्रोमची भोके' असे रोकडे नाव दिले.

हातावरचे भोक निदान दिसते. नाकातले दिसत नाही. बायक्रोमेटच्या कामगारांच्या नाकाचा मधला पडदा फुटतो, हे १८६३ साली बेकूर व शेव्हालिए या फ्रेंच संशोधकांनी प्रसिद्ध केले. श्वासाबरोबर आत शिरणारी हवा या पडद्याच्या पुढील भागावर आदळते आणि तिच्यातील धूळ तेथेच बसते. प्रारंभी शिंका येतात, नाक वाहते. मग आतील नाजूक त्वचा मरून तिच्यावर खपली धरते. पडद्याच्या आतल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण या त्वचेकडूनच होते. त्वचा गेली की कूर्चा मरते, खपली गळून पडते आणि तेथे आरपार छिद्र राहते. हे सारे काही थोड्या महिन्यांत, कधी त्याहूनही लवकर घडते.

आणि विशेष हे की, यात वेदना फारशी होत नाही. वासाचे ज्ञान नाकाच्या वरच्या भागात असल्यामुळे तेही बहुधा शाबूत राहते. उपदंशात हाड झडून नाक बसते, तसे येथे होत नाही. बाहेरून चेहरा जसाच्या तसा. म्हणूनच कित्येकांना आपल्या नाकात छिद्र असल्याचे वैद्याने तपासल्यावरच समजे. एकदा छिद्र पडून व्रण सुकला की त्रासही थांबे, आणि मग कामगार म्हणे, 'बरे झाले, पीडा टळली.' मालकालाही तेच सोयीचे होते. जे दुखत नाही, ज्यामुळे कामाचा खाडा होत नाही, त्याला रोग तरी कशाला म्हणावे, हा त्या काळचा हिशेब होता.

फ्रेंच संशोधकांनी आणखी एक मौजेची गोष्ट टिपून ठेवली आहे. तपकीर ओढणारे कामगार या व्याधीतून बचावतात, असे त्यांना आढळले. तपकिरीने नाक वाहते आणि त्याबरोबर धूळही वाहून जाते, असा त्याचा अर्थ लावता येईल. परंतु ही मौज थोडी बाजूला ठेवून पाहिले, तर त्यातील करुण भाग ध्यानात येतो. ज्याच्या नाकात धूळ जात होती, त्याच्यापाशी स्वतःच्या बचावासाठी चिमूटभर तपकिरीपलीकडे काहीच नव्हते!

१८९९ साली हा प्रश्न चव्हाट्यावर आला. व्हाइट यांच्या कारखान्याचे धनी लॉर्ड ओव्हरटाउन हे मोठे धर्मनिष्ठ व दानशूर गृहस्थ म्हणून प्रसिद्ध होते. रविवारी कोणी काम करू नये, या मताचे ते कट्टर पुरस्कर्ते होते. त्या वर्षी त्यांच्या कामगारांनी संप पुकारला, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचे पुढारी केर हार्डी यांनी 'व्हाइट स्लेव्हज' ही पुस्तिका लिहून कारखान्याची आतली बाजू उघड केली. दिवसाचे १२ तास काम, आठवड्याचे सातही दिवस, जेवणाची सुटी नाही, मजुरी तासाला ३ ते ४ पेन्स, आणि वर नाकाची ही दशा! मालकाच्या नावातील 'व्हाइट' या शब्दावर पुस्तिकेच्या नावात केलेला श्लेष लोकांच्या मनाला चांगलाच झोंबला. गवगवा झाल्यावर कारखान्यात काही सुधारणा झाल्या. त्या अगोदर होऊ शकत नव्हत्या असे मुळीच नाही. त्यांची गरज मात्र कोणाला भासली नव्हती.

तथापि या छिद्राचा खरा अर्थ कळावयाला आणखी काळ जावा लागला. १८९० साली ग्लासगोचे डॉक्टर डेव्हिड न्यूमन यांनी क्रोमचे रंग बनविणाऱ्या एका कामगाराची हकीकत छापली होती. त्याच्या नाकाच्या पडद्याला छिद्र होतेच, शिवाय नाकात कर्करोगही होता. एका रोग्यावरून सिद्धान्त बांधता येत नाही, हे खरे. पण जी धूळ नाकाचा पडदा फोडते ती तेथेच थांबते काय, असा प्रश्न त्या हकीकतीने उभा केला होता. उत्तर फुप्फुसांनी दिले. क्रोमच्या कामगारांना होणारा फुप्फुसाचा कर्करोग हा धंद्याचा रोग होय, असे १९३६ साली जर्मनीने मान्य केले. १९४८ साली अमेरिकेतील कारखान्यांच्या पाहणीने त्याला दुजोरा दिला. पुढे १९९० साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बायक्रोमेटच्या वर्गातील क्रोमियमचे क्षार मनुष्याला कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा दिला.

मधल्या काळात लोखंडी वस्तूंवर क्रोमचा चकचकीत मुलामा देण्याचा धंदा निघाला. मुलाम्याच्या हौदातून वायूचे बुडबुडे उठतात आणि त्यांच्याबरोबर आम्लाचे सूक्ष्म तुषार कामगाराच्या नाकापर्यंत पोहोचतात. १९२८ साली ब्लूमफील्ड व ब्लम या अमेरिकन संशोधकांनी ही हवा मोजली. १० घनमीटर हवेत १ मिलिग्रॅमहून अधिक क्रोमिक आम्ल रोज श्वासात गेले, तर नाकाला इजा होते, असा इशारा त्यांनी दिला. हौदाच्या काठाशीच हवा ओढून घेणारी यंत्रणा बसविली की हे तुषार वर येत नाहीत. ब्रिटनमध्ये १९३१ साली या धंद्यासाठी नियम झाले. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने, डॉक्टरांनी सरकारला कळविलेच पाहिजेत अशा रोगांच्या यादीत क्रोमच्या व्रणांचा समावेश केला.

या इतिहासातून घ्यावयाचा बोध एवढाच की, वेदना ही इजेची खरी मापपट्टी नव्हे. नाकाचा पडदा शंभर वर्षे इशारा देत राहिला; पण तो मुकाट्याने देत होता, म्हणून कोणी मनावर घेतला नाही. आजही मुलामा देणाऱ्या एखाद्या लहानशा कारखान्यात कोणाला वारंवार शिंका येत असतील, नाकात खपली धरत असेल, तर 'सवय होईल' असे म्हणून भागणार नाही. नाक तपासले पाहिजे. आणि त्याहीपूर्वी हौदावरची हवा तपासली पाहिजे. नाक कामगाराचे असले, तरी ती हवा स्वच्छ ठेवण्याचे कर्तव्य कारखान्याच्या धन्याचे आहे.