तळटीप ३ : भास्कर चंदावरकर

३. आंबागड किल्ल्याच्या (ता. तुमसर, जि. भंडारा) पायथ्याशी खडीगंमत हे लोकनाट्य ऐकताना लेखकाला आठवलेले चंदावरकर म्हणजे प्रयोगशील संगीतकार भास्कर चंदावरकर (१९३६–२००९). पं. रविशंकरांकडे सतार शिकलेल्या चंदावरकरांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापन केले. ‘माया दर्पण’, ‘सामना’ या चित्रपटांना संगीत दिले. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकासाठी (१९७२; दिग्दर्शक जब्बार पटेल) त्यांनी कीर्तन, अभंग, लावणी एकमेकांत गुंफली. रांगेत डोलत गाणारी माणसेच तिथे पडदा होतात, पाठ फिरवली की भिंत. नाटकाचा सारा तोल त्या गाण्यावर उभा आहे. खडीगंमतीतही गाणारे-वाजवणारे उभ्यानेच खेळ पुढे नेतात. म्हणून लेखकाला झालेली ही आठवण अगदी नेमकी आहे. — संपादक