लांबी आणि घनता : मानवी गुणसूत्रांच्या तुलनेचा इतिहास

मानवी गुणसूत्रांची आरंभीची तुलना सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या रूपावर आधारलेली होती. १९६० च्या डेन्व्हर परिषदेत, लिंगगुणसूत्रे वगळता, बावीस जोड्यांना उतरत्या लांबीनुसार क्रमांक देण्यात आले. जे लांब ते अधिक आशयघन, असा समज या क्रमातून सहज होऊ शकत होता.

या क्रमालाच प्रथम तडा गेला. १९५९ मध्ये मार्थ गोतिए, जेरोम लेझ्यून व रेमाँ त्युर्पँ यांनी डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत एक लहान गुणसूत्र जादा असल्याचे दाखवले होते. त्यास २१ हा क्रमांक मिळाला. पुढे पट्टे दाखवणारी रंजनतंत्रे आल्यावर ते २२ पेक्षाही आखूड असल्याचे कळले. तथापि वैद्यकात रूढ झालेला क्रमांक तसाच ठेवण्यात आला.

या दोहोंची खरी तुलना त्यांची संहिता वाचल्यानंतरच शक्य झाली. डिसेंबर १९९९ मध्ये गुणसूत्र २२ चा सुमारे ३.३४ कोटी आधारजोड्यांचा क्रम प्रसिद्ध झाला. त्यात किमान ५४५ जनुके आढळली. मे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या गुणसूत्र २१ च्या जवळजवळ तितक्याच लांबीच्या क्रमात, अनुमानित जनुके धरूनही, केवळ २२५ जनुके निघाली. १८ व १९ यांतील अंतर याहून मोठे आहे. सुमारे ८ कोटी आधारजोड्यांच्या गुणसूत्र १८ वर प्रथिने घडवणारी तीनशेहून कमी जनुके आहेत, सुमारे ५.९ कोटींच्या १९ वर ती चौदाशेच्या आसपास आहेत.

या विषमतेचा संबंध थेट जगण्याशी आहे. एखादे गुणसूत्र दोनाऐवजी तीन प्रतींत आले, तर त्यावरील सर्व जनुकांचे प्रमाण बिघडते. सर्व पेशींत असा बिघाड असूनही जी बालके जन्माला येऊ शकतात, त्यांच्यात हे जादा गुणसूत्र बहुधा १३, १८ किंवा २१ असते. ही तिन्ही जनुकविरळ आहेत. १९ आकाराने १८ पेक्षा लहान असूनही त्याची पूर्ण तिसरी प्रत गर्भास पेलत नाही.

मात्र घनता हाही निरपेक्ष निकष नव्हे. प्रथिने न घडवणारी, केवळ आरएनए निर्माण करणारी जनुके मोजणीत धरावीत की नाही, यावर आकडे बदलतात. लांबी मोजण्यास केवळ मापदंड पुरतो. घनता मोजण्यापूर्वी मात्र 'जनुक' कशास म्हणावे हे ठरवावे लागते. तुलनेची फलश्रुती या पूर्वनिर्णयावर अवलंबून असते, हे तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय होय.