संकेतस्थळ-विश्लेषण व शोधानुकूलन (त्वचानिगा विक्रीतील)

ऑनलाइन दुकानात ग्राहक कोठून येतात व काय करतात याची मोजणी, आणि शोधयंत्राच्या निकालांत दुकानाची पाने वर आणण्याची पद्धत. मोजणीची सुरुवात १९९० च्या दशकात सर्व्हरवरील नोंदी वाचण्यापासून झाली. २००५ मध्ये गूगलने अर्चिन ही कंपनी विकत घेऊन गूगल ॲनालिटिक्स सुरू केले. दुव्यांवरून पानांचा क्रम ठरवणारी पेजरँक पद्धत लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित केली (→ शोधयंत्र).

त्वचानिगेचा ग्राहक पुष्कळदा उत्पादनाचे नाव नव्हे, तर ‘तेलकट त्वचेसाठी सनस्क्रीन’, ‘मुरुमांचे डाग’ अशी तक्रारच शोधतो. त्यामुळे नायसिनामाइड, सॅलिसिलिक आम्ल यांसारखे घटक, त्वचेचा प्रकार व वापरण्याची रीत नेमकेपणाने सांगणारी पाने विक्रीच्या पानांइतकीच महत्त्वाची ठरतात. आरोग्यविषयक मजकुराला गूगलचे गुणवत्ता-निकष अधिक कडक आहेत. तेथे लिहिणाऱ्याची तज्ज्ञता मोलाची. नुसत्या भेटींच्या आकड्यावरून विक्री कळत नाही. २,००० भेटींत ४० मागण्या आल्यास खरेदी-प्रमाण २ टक्के होते. क्रीम संपल्यावर तोच ग्राहक परततो, म्हणून पुनर्खरेदी स्वतंत्रपणे मोजावी लागते. विश्लेषणासाठी कुकी वापरण्यास यूरोपीय संघात सामान्यतः ग्राहकाची संमती लागते (→ विदा-संरक्षण).